पोटाशी धरलेल्या पिशव्या

"पिशव्या पोटाशी धरा, मोबाइल आत ठेवा, घोळक्यातून बाहेर पडू नका आणि वाटेत कुणाशी बोलू नका."

२०१५ च्या जुलै महिन्यात, मुंबईत सात रस्त्याच्या चौकात बसमधून उतरणाऱ्या सव्वीस विद्यार्थ्यांना आम्ही दिलेल्या या चार सूचना. त्या देताना आपण काही चुकीचे बोलत आहोत असे आम्हाला मुळीच वाटले नव्हते. उलट, परगावी मुले नेणाऱ्या जबाबदार शिक्षकाने असेच बोलायचे असते, अशी आमची समजूत होती. ती समजूत कशी आणि कितपत ढळली, याची ही हकीकत आहे.

आम्ही म्हणजे दोघे. एक साताऱ्यात मराठी शिकवतो, दुसरा सांगलीत. कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात आम्ही एकाच बाकावर बसून एम. ए. केले आणि तेव्हापासून वाचणे, भांडणे, लिहिणे हे बरेचसे एकत्रच चालले आहे. मराठीच्या प्राध्यापकाच्या माथी जिमखान्याचे काम येणे ही आपल्याकडची जुनीच रीत. तशी ती आम्हा दोघांच्याही माथी आली होती. प्रो कबड्डीचा पहिला सामना आदल्या वर्षी, २६ जुलै २०१४ रोजी, वरळीच्या एन.एस.सी.आय. स्टेडियमवर झाला होता आणि आमच्या मुलांना त्या खेळाने अक्षरशः झपाटले होते. दुसऱ्या वर्षीचे सामने त्याच स्टेडियमवर सुरू झाले, तेव्हा दोन्ही महाविद्यालयांच्या संघांतील मुलामुलींना घेऊन आम्ही मुंबई गाठली.

स्टेडियमजवळ बस थांबवायला जागा मिळणार नाही असे चालकाने आधीच सांगितले होते. त्यामुळे सात रस्त्याला उतरून आम्ही चालत निघालो. महालक्ष्मीचा पूल, पुलावरून दिसणारा धोबीघाट आणि त्यातली वाळत घातलेल्या कपड्यांची लांबच लांब रांग, मग रेसकोर्सचे कुंपण, हाजी अलीचा समुद्र आणि शेवटी स्टेडियमचा घुमट. अंतर जेमतेम दोन किलोमीटरचे. पण त्या दोन किलोमीटरमध्ये आम्ही किती वेळा मागे वळून डोकी मोजली, याचा हिशेब नाही. आत गेल्यावर मात्र सगळे विसरायला झाले. तो निळसर उजेड, ती गादी, चढाई करणाऱ्याच्या श्वासागणिक वाढत जाणारा गलका! मातीवर गुडघे फोडून घेतलेली आमची पोरे डोळे विस्फारून पाहत होती.

परतल्यावर आम्ही नेहमीप्रमाणे भित्तिपत्रकासाठी प्रत्येकाकडून दोन पाने लिहून घेतली. विषय दिला, 'मी पाहिलेली मुंबई'. सव्वीसपैकी जवळजवळ वीस लेखांचा साचा एकच होता: स्टेडियम भव्य, झगमगते, शिस्तबद्ध, बाहेरचा परिसर गलिच्छ, भयाण, 'गुंडांचा'. एकाने दगडी चाळीचा उल्लेख केला होता. ती चाळ त्याने पाहिली नव्हती. पण अरुण गवळी यांच्यामुळे ते नाव आमच्याकडच्या गावागावांत पोहोचलेले होते आणि ती सात रस्त्यापासून जवळच आहे हे त्याला बसमध्ये कुणीतरी सांगितले होते. दुसऱ्याने 'लालबाग परळ' या २०१० सालच्या चित्रपटातील दृश्येच जणू आपल्या डोळ्यांसमोर घडली अशा थाटात वर्णन केले होते. प्रत्यक्षात त्या वाटेवर आमच्याकडे कुणी वाकड्या नजरेनेही पाहिले नव्हते. मुलांनी जे लिहिले ते त्यांनी पाहिलेले नव्हते. ते पाहण्याआधीच ठरलेले होते, आणि ठरवण्यात आमच्या चार सूचनांचा वाटा मोठा होता.

एक लेख मात्र वेगळा होता. खटाव तालुक्यातील एका मुलीचा. सामना संपल्यावर सात रस्त्याकडे परतताना ती चपलेचा अंगठा तुटल्यामुळे मागे राहिली होती. (आमच्या डोकी मोजण्यातून ती निसटली, हे आम्हाला तिच्या लेखातूनच कळले.) एका पानपट्टीपाशी बसलेल्या म्हाताऱ्याला तिने चौक कुठे म्हणून विचारले. त्याने रस्ता सांगण्याआधी उलट विचारले, "कुठली गं तू?" तिने गावाचे नाव सांगितले. "खटाव तालुका न्हवं? मग पावण्यातलीच की!" असे म्हणून त्याने पानवाल्याकडून सुतळीचा तुकडा घेतला, तिची चप्पल बांधून दिली आणि चौकापर्यंत सोबत आला. वाटेत त्याने तिला सांगितले की तिच्या शेजारच्या गावाचा गाळा पूर्वी डिलाईल रोडला होता. तीसेक माणसे एका खोलीत राहत, दिवसपाळीवाल्यांनी उठायचे आणि रातपाळीवाल्यांनी त्याच वळकटीवर पडायचे. लेखाच्या शेवटी तिने लिहिले होते: "सरांनी कुणाशी बोलू नका म्हणून सांगितले होते. मी बोलले, त्याबद्दल क्षमस्व."

त्या 'क्षमस्व'पाशी आम्ही दोघेही थांबलो. आणि आमच्यापैकी जो सांगलीकर, तो जरा जास्तच वेळ थांबला.

कारण त्याचे वडील गिरणी कामगार होते. शिराळा तालुक्यातील त्यांच्या गावाचाही डिलाईल रोडला, म्हणजे आजच्या ना. म. जोशी मार्गाला, गाळा होता. १८ जानेवारी १९८२ रोजी सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले, त्यात ते होते. दोन वर्षे गावी बसून मग पुन्हा कामावर घेतले गेलेल्या काही मोजक्यांतही ते होते, आणि गिरणी बंद पडेपर्यंत ते त्याच खोलीवर राहिले. त्यांच्या मनिऑर्डरीवर घर चालले, बहिणीचे लग्न झाले, मुलाचे एम. ए. झाले. नऊ वर्षांचा असताना हा मुलगा मे महिन्याच्या सुटीत त्या खोलीवर पंधरा दिवस राहून आलेला होता. खानावळीच्या मावशीने डब्यात घातलेली जादा भाकरी, व्हरांड्यात रात्री रंगणारे भजन, गल्लीतल्या मातीच्या मैदानावर दिव्यांच्या उजेडात चालणारी कबड्डी हे सगळे त्याला आठवत होते. भीती तेवढी आठवत नव्हती. आणि तोच मुलगा, वयाच्या पस्तिशीत, त्या खोलीपासून पंधरा मिनिटांच्या अंतरावर उभा राहून इतरांच्या मुलांना सांगत होता, पिशव्या पोटाशी धरा.

हे आम्ही एकमेकांशी बोललो तेव्हा पहिल्यांदा हसलो. मग हसणे ओसरले. आम्ही गेली कित्येक वर्षे वर्गात नारायण सुर्वे शिकवतो, 'माझे विद्यापीठ' या १९६६ च्या संग्रहावर प्रश्न काढतो. अण्णा भाऊ साठे तर आमच्या दोघांच्याही जिल्ह्याचे: १९२० मध्ये त्यांचा जन्म झाला तेव्हा वाटेगाव सातारा जिल्ह्यात होते, आज ते सांगलीत आहे. लहानपणी कुटुंबासोबत पायी मुंबईला गेलेल्या या माणसाने 'मुंबईची लावणी'त मलबार हिल आणि परळ समोरासमोर उभे केले, हे आम्ही खडूने फळ्यावर दोन रकाने पाडून समजावतो. जयंत पवारांचे 'अधांतर' (१९९७) आम्ही अभ्यासक्रमात यावे म्हणून भांडलो. मात्र ज्या वस्तीतून हे सारे वाङ्मय आले ती वस्ती बसच्या दारात उभी ठाकली, तेव्हा यातले एक अक्षरही आमच्या कामी आले नाही. कामी आली ती वर्तमानपत्राच्या तिसऱ्या पानावरची मुंबई.

इथे आमच्याविरुद्धचा एक आक्षेप आम्हीच नोंदवतो. भीती सर्वस्वी निराधार होती काय? नव्हती. या परिसराने हिंसा पाहिली आहे. जानेवारी १९७४ मध्ये वरळीच्या बी.डी.डी. चाळींतील दलित पँथरच्या सभेनंतर दंगल उसळली आणि १० जानेवारीला परळच्या मोर्चात भागवत जाधव मारले गेले. १९९४ साली खटाव मिलचे मालक सुनीत खटाव यांची हत्या झाली ती महालक्ष्मीजवळच, आणि तिच्या मुळाशी गिरणीच्या जमिनीचा व्यवहार होता असे मानले जाते. संपानंतर बेकार झालेल्या घरांतली काही पोरे टोळ्यांकडे वळली, हे तर 'अधांतर'चे कथानकच आहे. वस्तीला धुऊन-पुसून सोज्ज्वळ करण्याची आमची इच्छा नाही. तो दुसरा खोटेपणा होईल. मुद्दा इतकाच, की या प्रत्येक घटनेला कारण आहे, तारीख आहे, माणसे आहेत. पाहुण्याच्या मनात मात्र यातले काहीच उरत नाही. उरतो तो केवळ एक वास: 'हा भाग वाईट आहे.'

आणि असे केवळ मुंबईतच घडते असेही नाही. न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागात यांकी स्टेडियम आहे. १९७७ मध्ये तिथे बेसबॉलची अंतिम मालिका चालू असताना वरून फिरणाऱ्या हेलिकॉप्टरमधील कॅमेऱ्याने जवळची एक जळती इमारत देशभर दाखवली. त्या वर्षांत तिथल्या इमारती का जळत होत्या, याची उत्तरे घरमालक, विमा, पालिका यांच्या व्यवहारात होती. दूरचित्रवाणीवर तेवढा धूर दिसला, आणि पुढची कितीतरी वर्षे त्या वस्तीची ओळख म्हणजे तो धूर, असे होऊन बसले. स्टेडियमला आलेला पाहुणा खेळ पाहायला आलेला असतो. वस्ती त्याच्या वाटेत येते. वाटेत आलेल्या गोष्टीचा इतिहास विचारायला त्याला सवड नसते.

मग पाहुण्याने लिहूच नये काय? या प्रश्नावर आमच्यात बराच वाद झाला. सातारकराचे म्हणणे होते की बाहेरच्याने गप्प राहावे, वस्तीने स्वतःबद्दल लिहावे. सांगलीकर म्हणाला, तसे असेल तर मला आता कुठल्याच बाजूने लिहिता येणार नाही. मी तिथलाही राहिलो नाही आणि पुरता बाहेरचाही नाही. या वादात आम्हाला आठवली ती नामदेव ढसाळांच्या 'गोलपिठा'ची (१९७२) विजय तेंडुलकरांनी लिहिलेली प्रस्तावना. ती लिहिण्याआधी तेंडुलकर ढसाळांसोबत त्या वस्तीत हिंडले, आणि कवितांतील कोणकोणत्या शब्दांचे अर्थ आपल्याला कळत नाहीत हे त्यांनी प्रस्तावनेत उघडपणे सांगितले. मध्यमवर्गीय लेखकाची ही कबुली आम्ही आजवर एक वाङ्मयीन किस्सा म्हणून सांगत आलो होतो. आता ती आम्हाला पद्धत म्हणून दिसू लागली. पाहुण्याला लिहिण्याचा अधिकार आहे. पण आपण कुठे उभे होतो, किती वेळ होतो आणि आपल्याला काय कळले नाही, हे त्याने लेखातच नोंदवले पाहिजे. खटावच्या त्या मुलीने नेमके हेच केले होते, आणि वर आमची क्षमाही मागितली होती.

सहलीनंतरच्या शनिवारी सांगलीकर गावी गेला. वडिलांनी विचारले, "वरळीपर्यंत गेलास, मग खोलीवर डोकावलास का?" तो म्हणाला, वेळच मिळाला नाही. "खोलीवर आता कोण असतं?" याचेही उत्तर त्याच्याकडे नव्हते. वडील पुढे काही बोलले नाहीत. त्यांनी सामन्याची चौकशी केली. गादीवर खेळताना गुडघे फुटत नाहीत हे ऐकून त्यांना नवल वाटले.

खोलीवर जायला आम्हाला २०२४ साल उजाडले, आणि तोवर वडील गेले होते. ना. म. जोशी मार्गावर बी.डी.डी. चाळींचा पुनर्विकास सुरू होता. सरकारने १९२० नंतर कामगारांसाठी बांधलेल्या, प्रत्येक मजल्यावर दुतर्फा एकेक खोल्यांच्या त्या इमारतींपैकी काही पाडलेल्या होत्या, काही अजून उभ्या होत्या. वडिलांचा गाळा खाजगी चाळीत होता. ती चाळ जागेवर नव्हती. कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीवाल्याला विचारले तर त्याने गावाचे नाव ऐकून ओळख दाखवली, दोन बंद दुकानांमधली जागा बोटाने दाखवली आणि चहा मागवला. आम्ही तिथे अर्धा तास होतो. त्याने सांगितलेल्या आडनावांपैकी चार आम्हाला कळली, बाकीची कळली नाहीत.

यंदाही मुलांना सामन्यांना नेण्याचे घाटत आहे. जुने सूचनापत्रक काढून आम्ही ते पुन्हा वाचले. 'सामान सांभाळावे' ही सूचना तशीच ठेवली. गर्दीत ती कुठेही लागू पडते, साताऱ्याच्या एस. टी. स्टँडवरसुद्धा. 'वाटेत कुणाशी बोलू नये' ही ओळ मात्र खोडली आणि तिच्या जागी लिहिले: 'रस्ता विचारावा. गाव विचारल्यास सांगावे.'