गंजामागचे मीठ

६ एप्रिल २०२५ रोजी नव्या पांबन पुलाचे उद्घाटन झाले. खाऱ्या वाऱ्यापासून पोलादाचे रक्षण व्हावे म्हणून या पुलाला पॉलिसिलोक्सेन जातीचा लेप दिला आहे, सांधे संपूर्ण वेल्डिंगचे आहेत आणि काँक्रीटमधल्या सळया स्टेनलेस स्टीलच्या आहेत, असे त्या दिवशीच्या बातम्यांत वाचायला मिळाले. मी ती बातमी वाचली तेव्हा त्या पुलापासून तासाभराच्या अंतरावर, रामनाथपुरममधल्या माझ्या अंगणात, एका जुन्या पिकअपशेजारी चटईवर बसले होते. हातात तारेचा ब्रश होता आणि केसांत, कपाळावर, चहाच्या कपात गंजाची तांबूस भुकटी. नवा पूल आणि माझी गाडी यांचा शत्रू एकच आहे, हे लक्षात येऊन हसू आले.

गाडी १९९६ ची टाटामोबाइल. पुढे दुहेरी केबिन, चार दारे, मागे आखूड हौदा. माझे यजमान किनाऱ्यालगतच्या रस्त्यांची कामे पाहत. केबिनमध्ये माणसे आणि हौद्यात दुर्बिणी, साखळ्या, सिमेंटचे नमुने घेऊन ते याच गाडीने हिंडले. मी मूळची मिरजेची, गाडी पुण्याच्या कारखान्यातली. एका मुलुखातून निघून दोघींनी आयुष्य या खाऱ्या प्रदेशात काढले. यजमान २०१५ साली गेले. त्यानंतर गाडी कडुनिंबाखाली उभी राहिली ती राहिलीच. निवृत्तीनंतर मी तिला हात घातला तेव्हा मुलगा फोनवर म्हणाला, “आई, भंगारात दे. तिच्यात आता गाडी उरलेली नाही.”

सरकारी व्याख्येनेही त्याचेच म्हणणे खरे. २०२१ च्या नियमांनुसार ‘व्हिंटेज’ म्हणवून घ्यायला वाहनाचे वय पन्नासहून अधिक लागते. मग त्याला ‘व्हीए’ अक्षरांची निराळी पाटी मिळते. आमच्या गाडीचे वय तेव्हा एकोणतीस. वारसा म्हणून मिरवण्याइतकी ती म्हातारी नाही आणि रोजच्या वापराइतकी तरुणही नाही. अशा मधल्या वयाच्या वस्तूंचे कोणालाच काही वाटत नाही.

मी सत्तावीस वर्षे शाळेत रसायनशास्त्र शिकवले. लोखंड, पाणी आणि ऑक्सिजन मिळून गंज होतो, हे वाक्य फळ्यावर किती वेळा लिहिले असेल! परंतु गाडीचे दार उचकटून आतला पत्रा पाहीपर्यंत त्या वाक्याचा अर्थ मला पुरता कळलेला नव्हता, असे आज प्रामाणिकपणे सांगते. जो भाग पावसात उघडा होता, बॉनेट, टप, दारांचा वरचा भाग, तो तांबूस झाला होता. पण ठोकला तर खणखणीत वाजत होता. कुजला होता तो झाकलेला भाग. दारांच्या तळाची दुमड, पायरीखालचा पोकळ पत्रा, मडगार्डच्या आतले कोपरे. तिथे पेचकस टेकवला की तो पापडासारखा आत जाई.

याचे कारण यू. आर. इव्हान्स या ब्रिटिश शास्त्रज्ञाने गेल्या शतकात मिठाच्या पाण्याच्या एका थेंबाने दाखवून दिले. स्वच्छ लोखंडी पत्र्यावर असा थेंब ठेवला, तर थेंबाच्या कडेला हवेतला ऑक्सिजन सहज पोचतो, मध्यभागी तो कमी पडतो. ऑक्सिजन जिथे भरपूर, तो भाग विद्युतघटाचा ऋणाग्र, म्हणजे कॅथोड बनतो. जिथे कमी, तो ॲनोड. लोखंड विरघळते ते ॲनोडपाशी. थोडक्यात, हवा जिथे पोचत नाही तिथलेच लोखंड खाल्ले जाते आणि गंजाची कडी मात्र थेंबाच्या कडेकडे साचते. विद्यार्थ्यांनी हा प्रयोग घरी जरूर करावा. माझ्या गाडीची दारे म्हणजे असेच मोठाले थेंब होते. दाराच्या तळाला पाणी निथळण्यासाठी बारीक भोके असतात. ती चिखलाने आणि निंबोळ्यांच्या चोथ्याने बुजली होती. आत कायमचा ओलावा, कायमचा अंधार.

त्यातून हवा समुद्राकाठची. साधे मीठ हवेतली आर्द्रता सुमारे पंचाहत्तर टक्क्यांवर गेली की पाणी ओढून स्वतःच द्रव होते. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असते. ते तर तेहेतीस टक्क्यांच्या आसपासच विरघळू लागते. म्हणजे आपल्याला कोरडी वाटणारी दुपारदेखील त्या पत्र्यासाठी ओलीच. येथून जवळच्या कारैकुडीला केंद्रीय विद्युतरसायन संशोधन संस्था आहे. धातूंचे नमुने उघड्यावर ठेवून त्यांचे क्षरण मोजण्याचे तिचे केंद्र पुलाअलीकडच्या मंडपमला आहे. जागेची निवड अचूक आहे, याची साक्ष माझी गाडी देईल.

केबिन सुटी झाल्यावर आम्ही चासीकडे वळलो. कामाला शेजारच्या गल्लीतले वेल्डर भाई येत असत. ते मला ‘टीचर’ म्हणतात. त्यांच्या दोन्ही मुली माझ्या वर्गात होत्या. डाव्या बाजूला, मागच्या पाट्यांचे पुढचे टोक चासीला जिथे जोडले जाते, तिथे रंग विलक्षण गुळगुळीत होता. भाईंनी हातोडीने हलके टोचून पाहिले. लोखंडाचा नाद आला नाही, लाकडासारखा आवाज आला. ग्राइंडर लावला तेव्हा आधी काळा रंग निघाला, मग लांबी, मग फायबरची जाळी, आणि तिच्या मागे पोकळीत कोंबलेले तमिळ वर्तमानपत्र. कागदावरची तारीख वाचता येत होती. मार्च २००८.

मी काही वेळ बोलले नाही. त्या वर्षी गाडी एका गॅरेजमधून ‘चासी दुरुस्त करून’ आली होती. यजमानांनी विश्वासाने पैसे मोजले होते. खाली वाकून त्यांनी पाहिले नाही, मीही पाहिले नाही. चकचकीत काळा रंग पाहून आम्हां दोघांनाही समाधान वाटले होते. त्याच वर्षीच्या डिसेंबरात विज्ञान मंडळाच्या सात मुली याच गाडीच्या केबिनमध्ये दाटीवाटीने बसवून मी धनुष्कोडीच्या बाजूला पक्षी दाखवायला नेल्या होत्या. शेजारी त्यांचे गाणे चालले होते आणि बुडाखाली चासीच्या जागी वर्तमानपत्र होते. भाईंची थोरली मुलगी त्या सात जणींत होती. हे मी त्यांना सांगितले. ते ग्राइंडर खाली ठेवून म्हणाले, “टीचर, मीही त्या दिवशी तिला हात करून निरोप दिला होता. मी तर वेल्डर आहे.”

५ जुलै १९८६ रोजी पणजीचा मांडवीवरचा पूल कोसळला. काँक्रीटच्या आतल्या ताणलेल्या पोलादी तारांचे क्षरण हे त्यामागचे मुख्य कारण होते, आणि तारा बाहेरून दिसत नव्हत्या. त्या वर्षी मी माहेरी होते. बातमी वाचून आपण म्हणतो तसे ‘अरे बापरे’ म्हटले होते आणि पान उलटले होते.

आता खरा प्रश्न उभा राहिला. चासीवरच वाहनाचा क्रमांक ठोकलेला असतो. भंगारातून दुसरी चासी आणून बसवली, तर कायद्याच्या दृष्टीने ही गाडी राहत नाही. ठेवली, तर ती माणसे पेलेल का? डोळ्यांवर माझा विश्वास उरला नव्हता. एक जुनी विद्यार्थिनी कारखान्यांच्या तपासणीचे काम करते. तिने अल्ट्रासोनिक जाडीमापक आणून दिला. त्याची करामत सोपी आहे : ध्वनीचा आखूड स्पंद धातूत सोडायचा आणि पलीकडच्या पृष्ठभागावरून येणाऱ्या प्रतिध्वनीची वेळ मोजायची. पोलादात ध्वनी सेकंदाला सुमारे ५,९०० मीटर धावतो. चार मिलिमीटर जाडीच्या पत्र्यातून जाऊन परत यायला त्याला सुमारे १.४ मायक्रोसेकंद लागतात. धातूला केवळ एका बाजूने स्पर्श पुरतो. दोन दिवस आम्ही दर दहा सेंटिमीटरवर खडूने फुली मारून आकडे घेतले. बहुतेक ठिकाणी चार मिलिमीटर. उजव्या बाजूला त्याच जोडाजवळ ३.१. डाव्या बाजूला भोकाच्या कडेला १.७ आणि तिथून हातभर पुढे पुन्हा ३.९.

एवढ्यावर निर्णय घेता आला. रोग पसरलेला नव्हता, एका जागी साचलेला होता. क्रमांकाचा भाग जिथे ठोकलेला होता तो शाबूत होता. भाईंनी कुजलेला तुकडा निरोगी धातूपर्यंत कापला आणि त्याच जाडीचा चॅनेल तिरक्या सांध्याने बसवला. सांधा सरळ उभा न घेता तिरका घेतला की ताण एकाच रेषेवर येत नाही. या कामाला त्यांनी चार दिवस लावले आणि पैसे घ्यायचे नाकारले. मी ते त्यांच्या नातीच्या नावे टपालखात्यात टाकले, त्यावरून आमचे थोडे भांडणही झाले.

सुटे भाग साफ करणे त्या मानाने गमतीचे. प्लास्टिकच्या टबात धुण्याच्या सोड्याचे पाणी, गंजलेला भाग चार्जरच्या ऋण टोकाला, लोखंडाचा टाकाऊ तुकडा धन टोकाला. भागावर हायड्रोजनचे बुडबुडे येतात आणि सुटलेला गंज तळाशी बसतो. दोन सूचना मात्र पक्क्या ध्यानात ठेवाव्या. धन टोकाला स्टेनलेस स्टील कधीही लावू नये. त्यातून विषारी षट्संयुजी क्रोमियम पाण्यात उतरते. आणि पाट्यांसारखे कडक केलेले पोलाद या टबात घालू नये. हायड्रोजन त्यात शिरून ते ठिसूळ करू शकतो. टब उघड्या हवेत असावा, हे वेगळे सांगायला नको.

एका दारावर मी हिरड्याचा काढाही लावून पाहिला. आपल्याकडे हिराकस आणि हिरड्याची शाई करत, त्यातलेच हे रसायन : हिरड्यातले टॅनिन लोहाशी संयोग पावून निळसर काळे संयुग बनवते. पत्रा रात्रीत शाईसारखा काळा झाला. पातळ गंजावर उपाय चांगला; जाड पापुद्र्यांवर निरुपयोगी. यावर कोणीतरी दिल्लीचा लोहस्तंभ काढणारच, म्हणून लिहिते. सोळाशे वर्षे टिकलेल्या त्या लोखंडात फॉस्फरसचे प्रमाण जास्त आहे आणि त्यामुळे पृष्ठभागावर चिवट संरक्षक थर तयार झाला, हे आयआयटी कानपूरच्या आर. बालसुब्रमण्यम यांनी सविस्तर मांडले आहे. मात्र त्याच स्तंभाचा जमिनीत पुरलेला भाग गंजला आहे. तोच स्तंभ मंडपमला उभा असता तर काय झाले असते, याचा विचार अभिमानाच्या भरात सहसा होत नाही.

सर्वांत कंटाळवाणे आणि सर्वांत महत्त्वाचे काम होते धुण्याचे. घासलेला पत्रा चकचकीत दिसतो, परंतु खड्ड्यांच्या तळाशी क्लोराइड दडलेले असते. त्यावर कितीही उंची रंग द्या, मीठ रंगाच्या आड पाणी ओढते आणि वर्षभरात फोड येतात. मीठ पाण्याने जाते. पण कोणत्या पाण्याने? आमच्या बोअरवेलचे पाणी मुळातच मचूळ. म्हणून ऑक्टोबरच्या ईशान्य मोसमी पावसाची वाट पाहिली आणि गच्चीवरचे पाणी पिंपांत साठवले. प्रत्येक धुण्यानंतर निथळलेले पाणी परीक्षानळीत घेऊन त्यात नायट्रिक आम्लाचा आणि सिल्व्हर नायट्रेटचा थेंब टाकायचा. पहिल्या दिवशी दह्यासारखा पांढरा साका बसला. चौथ्या धुण्याला दूध, सहाव्याला ताक. आठव्याला किंचित धूसरपणा उरला तो जाईचना. दोन दिवस मी चिडून घासत होते. मग आठवले की कोऱ्या पावसाच्या पाण्याची चाचणी मी केलेलीच नाही! केली, तर तोच धूसरपणा. किनाऱ्यावरच्या पावसातही थोडे मीठ असते. नियंत्रण-चाचणी आधी करावी म्हणून मुलींचे गुण कापणारी मी.

त्यानंतर जस्तयुक्त प्रायमर, वर दोन हात रंग, पोकळ्यांत मेण आणि निथळण्याची सगळी भोके सायकलच्या स्पोकने मोकळी. रंग मुळातलाच पांढरा घेतला. चासीच्या जोडापाशी मात्र रंगाचा जाड थर मी देऊ दिला नाही. तिथे हात घालून पाहता यावे, आकडा घेता यावा, अशी जागा ठेवली आहे.

फेब्रुवारीत गाडी सुरू झाली. पुढच्या महिन्यात योग्यता-तपासणी आहे. मुलगा सुट्टीत आला होता. त्याने चालवून पाहिली आणि मागच्या आसनाकडे बोट दाखवून विचारले, मुलींना पुन्हा नेणार का? मी अजून हो म्हटलेले नाही. दर सहा महिन्यांनी त्याच फुल्यांवर जाडी मोजायची आणि चासीच्या आतल्या अंगाला तारखेसह तेलखडूने लिहायची, असे ठरवले आहे. पहिली नोंद भाईंच्या हस्ताक्षरात आहे : डावी ४.०, उजवी ३.१. दुसरी ऑगस्टमध्ये होईल.