तिसऱ्या घंटेच्या आत

ऑगस्ट २०२४ मध्ये आमचं केशवराव भोसले नाट्यगृह आगीत जळालं. तेव्हापासून आत्याचं एकच पालुपद, "नाटक कोल्हापुरात येत नसेल तर आपण नाटकाकडे जाऊ." एका शुक्रवारी रात्री मुंबईला जायला महालक्ष्मी एक्स्प्रेसमध्ये बसलो. रेल्वेभाडं आणि नाटकांची पाचशेच्या घरातली तिकिटं धरली, तर खाण्यासाठी फार काही उरत नव्हतं. हॉटेलात पैसे उधळायचे नाहीत, ही आत्याची अट आणि उपाशीपोटी नाटक बघायचं नाही, ही माझी.

दादरला उतरलो तेव्हा फुलबाजार ऐन भरात होता. याच स्टेशनबाहेर १९६६ च्या सुमारास अशोक वैद्य यांनी वडा पावात घालून विकायला सुरुवात केली, असं सांगतात. आत्याला हे ऐकवलं, तर म्हणाली, "चांगला वडा पावात कशाला लपवायचा?" पण चहाबरोबर तिने तो लपवलेला वडा संपवला.

दुपारचा प्रयोग शिवाजी मंदिरला. १९६५ पासून प्लाझा सिनेमासमोर उभ्या असलेल्या या नाट्यगृहाच्या आसपास खाण्याची ददात नाही, अडचण असते ती वेळेची. शनिवारी-रविवारी जेवणाच्या वेळी दादरच्या नावाजलेल्या मराठी उपाहारगृहांसमोर माणसं नाव नोंदवून ताटकळत असतात. चारच्या प्रयोगाला येणाऱ्याने एक वाजता रांगेत उभं राहण्यात अर्थ नाही. आम्ही अकरालाच शिवसेना भवनासमोर 'आस्वाद'मध्ये शिरलो. इथल्या मिसळीला २०१५ साली लंडनच्या एका स्पर्धेत जगातल्या सर्वांत चविष्ट शाकाहारी पदार्थाचा मान मिळाला होता. कोल्हापूरकराने या मिसळीवर मत देऊ नये, भांडण होतं. आम्ही थालीपीठ मागवलं. लोण्याचा गोळा वर ठेवलेलं, खरपूस. पोट भरलं आणि हॉटेलवाल्याला टेबल रिकामं मिळालं.

मध्यंतराच्या बटाटावड्याबद्दल वेगळं सांगायला नको. मराठी प्रेक्षक पहिला अंक नाटककारासाठी बघतो आणि दुसऱ्या अंकाला वड्याच्या बळावर बसतो. पडदा पडतानाच कडेच्या खुर्च्यांवरची अनुभवी माणसं उठू लागतात, ती का, हे कॅन्टीनपाशी पोहोचल्यावर कळतं. आम्ही मधल्या रांगेत होतो. वडा हातात आला तेव्हा पहिली घंटा झाली होती. गरम वडा आणि तिसरी घंटा यांच्यामधल्या त्या दोन-तीन मिनिटांत आत्याची जीभ भाजली, पण तक्रार तिने नाटकाच्या शेवटाबद्दल केली.

रात्री साडेआठचा प्रयोग माटुंग्याच्या यशवंत नाट्य मंदिरात होता. हे नाट्यगृह पश्चिम रेल्वेच्या माटुंगा रोड स्टेशनजवळ, पण जेवण मात्र रुळांपलीकडे, मध्य रेल्वेच्या माटुंग्यात. म्हणून दादरहून मध्य रेल्वेने एकच स्टेशन गेलो. स्टेशनला लागून असलेल्या मंडईच्या इमारतीत पहिल्या मजल्यावर ए. रामा नायक यांचं उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग आहे, १९४२ पासूनचं. इथे मर्यादित थाळी मिळते, नाहीतर केळीच्या पानावर हवं तेवढं जेवा. आत्याने थाळी सांगितली, मी पान. रसम तिसऱ्यांदा मागितल्यावर ती म्हणाली, "अरे, पहिल्या अंकात पेंगशील."

तिथे जेवताना एक गोष्ट ध्यानात आली. नाटकवाल्यांसाठी म्हणून स्वस्त खाणं कुणी काढलेलं नाही. माटुंग्याची बोर्डिंगं दक्षिणेतून नोकरीला आलेल्या, घर नसलेल्या माणसांसाठी निघाली. गिरणगावातल्या खानावळी कोकणातून आलेल्या कामगारांसाठी होत्या, त्या घराघरातल्या बायका चालवत. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये त्यांनाच एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. नाट्यगृहं त्या वस्तीत वसली आणि प्रेक्षकांना आयतं ताट मिळालं. नाट्यगृहाच्याच आवारातलं खाणं निराळं. मागे एकदा जुहूच्या पृथ्वी थिएटरला गेलो होतो. तिथल्या कॅफेत झाडांखाली गप्पा मारायला मजा येते, पण भूक भागवायला जाण्याची ती जागा नव्हे. प्रभादेवीला रवींद्र नाट्य मंदिरात जाणाऱ्याने थोडं चालायची तयारी ठेवावी आणि कीर्ती कॉलेजजवळचा, वर बेसनाचा कुरकुरीत चुरा घातलेला वडापाव खावा. स्टेशन, कॉलेज, कचेरी यांच्या वाटेवर खाणं स्वस्त राहतं, कारण रोज येणारं गिऱ्हाईक रोज भाव विचारतं.

जेवून पूल ओलांडला आणि यशवंतला वेळेत पोहोचलो. पेंगलो नाही. प्रयोग सुटला तेव्हा अकरा वाजून गेले होते आणि बहुतेक हॉटेलांची शटरं अर्ध्यावर आली होती. रात्रीच्या नाटकाचं जेवण नाटकाआधीच झालेलं बरं, नाहीतर स्टेशनबाहेरच्या भुर्जीच्या गाड्या. आत्या अंडं खात नाही.

मुक्काम ठाण्याला आतेभावाकडे. १९७८ पासून मासुंदा तलावाकाठी असलेल्या गडकरी रंगायतनमध्ये रविवारी दुपारचा प्रयोग होता. सकाळी मामलेदार कचेरीजवळच्या मिसळीला गेलो. इथे मात्र मत दिल्याशिवाय राहवलं नाही: रस्सा झणझणीत आहे आणि तो पातळ आहे म्हणून त्याला हसणाऱ्या कोल्हापूरकराने आधी घाम पुसावा. आत्याने तिखट सांगितली, पाव बाजूला सारला आणि कोल्हापुरी सवयीने पोऱ्याला विचारलं, "ब्रेड नाही होय?" त्याने मान हलवली आणि आणखी पाव आणून ठेवला.

नाटक सुटल्यावर परतीच्या गाडीला वेळ होता. मी तलावपाळीवरची भेळ सुचवली. आत्याने ती नाकारून रंगायतनच्या कॅन्टीनमधून चार वडे बांधून घेतले, दोन गाडीत खायला आणि दोन कोल्हापूरला, शेजारणीला दाखवायला.