‘मुलांनी खाली खेळू नये’

‘कोरोनाकाळ आणि मुलांचे डोळे’ हा विषय देताना संपादकांनी मोबाइलवर भर द्यायला सुचवलं होतं. पण गेल्या महिन्यात तपासलेली एक मुलगी डोक्यातून जात नाही.

ती आता सहावीत आहे. तिची पहिली सगळी फ्लॅटमध्ये गेली. डिसेंबर २०२१ मध्ये पुण्यात प्राथमिकचे वर्ग भरले, तिला फळ्यावरचं दिसेना, तेव्हा नंबर निघाला मायनस १.७५. आज ४.५० आहे. डोळ्याची लांबी २५ मिलिमीटरच्या पुढे गेली आहे.

“मॅडम, मोबाइल आता अजिबात देत नाही हो,” आई म्हणाली. आणि खेळ? “बॅडमिंटनला घातलंय ना.” म्हणजे बंद हॉलमध्ये, संध्याकाळी सहानंतर.

मायनस नंबर म्हणजे डोळा अशक्त होणं नव्हे, आणि गाजर खाऊन तो उतरत नाही, हे सांगून मी थकले आहे. नेत्रगोल हवा त्यापेक्षा लांब वाढतो, त्यामुळे दूरच्या वस्तूची प्रतिमा दृष्टिपटलाच्या अलीकडेच पडते. एका मिलिमीटरला साधारण अडीच-तीन नंबर. चष्म्याची मला भीती नाही. नंबर फार वाढला की ताणलेला पडदा पुढे मोठेपणी सुटण्याचा धोका वाढतो, त्याची आहे.

मग नेत्रगोल लांबतो कशाने? आई-वडिलांचा वारसा आहेच, जवळून वाचणं-लिहिणंही आहे. माझे बरेच सहकारी इथेच थांबतात. मला थांबवत नाही. २००८ साली सिडनी आणि सिंगापूरमधल्या चिनी वंशाच्या सहा-सात वर्षांच्या मुलांची तुलना प्रसिद्ध झाली. मायनस नंबर सिंगापूरमध्ये २९.१ टक्के मुलांना, सिडनीत ३.३ टक्के. चष्मेवाल्या पालकांचं प्रमाण जवळपास सारखं. पुस्तकं तर सिडनीची मुलंच जास्त वाचत होती. पण ती आठवड्याला पावणेचौदा तास घराबाहेर असत, सिंगापूरची जेमतेम तीन. लख्ख उजेडात दृष्टिपटलात डोपामिन स्रवतं आणि नेत्रगोलाच्या वाढीला लगाम बसतो, हे त्याचं आज सर्वांत पटणारं स्पष्टीकरण. कोंबडीच्या पिल्लांमध्ये डोपामिनचं काम औषधाने अडवलं, की उजेडाचा फायदाही जातो. दिव्याखाली तीनशे-पाचशे लक्स उजेड असतो. बाहेर झाडाच्या सावलीतही काही हजार. म्हणूनच हॉलमधल्या बॅडमिंटनने दमसास वाढेल, पण झाडाखाली बसून गोट्या खेळणारं मूल डोळ्यांसाठी जास्त कमावतं.

चीनच्या शांतोंग प्रांतातल्या फेइचेंगमध्ये दरवर्षी शाळेत डोळे तपासतात. २०२० मध्ये मुलं काही महिने घरात कोंडली गेली, आणि सहा वर्षांच्या मुलांमध्ये मायनस नंबरचं प्रमाण २१.५ टक्के निघालं. आधीच्या पाच वर्षांत ते ५.७ च्या वर कधी गेलं नव्हतं.

सिडनीचा अभ्यास मी २०२० च्या कितीतरी आधी वाचला होता. तरी त्या जूनमध्ये आमच्या सोसायटीत ‘मुलांनी खाली खेळू नये’ अशी नोटीस लागली, तिच्यावर सेक्रेटरी म्हणून माझी सही आहे. दहा वर्षांखालच्यांनी घरातच राहावं, असं सरकारही सांगत होतं. भीती खरी होती. आमच्याच इमारतीतली दोन माणसं गेली. पण त्याच महिन्यात मोठ्यांना सकाळी फिरायची मुभा मिळाली, आणि मीही फिरत होते. झोपाळे दोरीने बांधलेले होते. लगोरी नको होती तर नको. एकेका घराने वेळ वाटून मुलाला तासभर गच्चीवर नेलं असतं, तरी चाललं असतं. डोळ्यांची डॉक्टर असून हे मला सुचलं नाही. त्या मुलीच्या इमारतीतही अशीच कुणाची तरी सही असणार.

तिला ड्रॉप्स सुरू केले आहेत. त्यांनी वेग मंदावेल, वाढलेली लांबी मागे येणार नाही. रोज दोन तास बाहेर, असं सांगितल्यावर आई म्हणाली, “बाहेर म्हणजे कुठे, मॅडम? खाली सगळं पार्किंग झालंय.”

आमच्याकडेही झोपाळ्यांच्या जागी आता गाड्या लागतात. त्यातली दोन गाड्यांची जागा वसुबारसेपासून मुलांना किल्ल्यासाठी मोकळी ठेवावी, असा अर्ज मी कमिटीला दिला आहे. पूर्वेकडची जागा मागितली आहे, तिथे अकरापर्यंत चांगलं ऊन असतं.