खिडकीतला मलंगगड

२०१५ च्या मार्चमध्ये अंबरनाथ पूर्वेला सातव्या मजल्यावरचा वन बीएचके बुक केला, तेव्हा बिल्डिंगला प्लास्टरही झालं नव्हतं. कठडा नसलेल्या जिन्याने मी आणि बायको वर गेलो. गॅलरीच्या जागी नुसता स्लॅब होता आणि समोर मलंगगडाचे सुळके. डोंगराच्या बाजूचा फ्लॅट हवा तर चौरस फुटामागे पन्नास रुपये जास्त पडतील, असं सेल्स ऑफिसातल्या मुलाने सांगितलं. मी एका शब्दाने घासाघीस केली नाही. परळच्या चाळीत, दहा बाय बाराच्या खोलीत माझा जन्म गेला. खिडकी उघडली की पलीकडच्या चाळीची भिंत, हाताच्या अंतरावर. डोंगर दिसतो त्या घरात हवा चांगलीच असणार, हे मी धरूनच चाललो होतो.

त्याआधी चारच महिने, नोव्हेंबर २०१४ मध्ये, उल्हासनगरात वालधुनी नदीच्या पात्रात कोणीतरी टँकरमधून रसायन ओतलं होतं. पहाटे शेकडो लोकांना श्वास घेता येईना, दवाखाने भरले. ही बातमी मी लोकलमध्ये वाचली होती. ते उल्हासनगर, आपलं अंबरनाथ, असं म्हणून पान उलटलं. ती नदी येते कुठून, एवढा प्रश्नही मला पडला नाही. ती येते अंबरनाथवरूनच. काकोळ्याच्या डोंगरात उगम पावते आणि १०६० सालच्या शिलाहारकालीन शिवमंदिराला वळसा घालून उल्हासनगरकडे जाते. महाशिवरात्रीला मी तिच्यावरच्याच पुलावरून दर्शनाला गेलेलो होतो.

ताबा मिळाला २०१६ च्या दिवाळीत. पहिल्याच डिसेंबरात, रात्री एकच्या सुमारास, घशात काहीतरी टोचल्यासारखं होऊन जाग आली. सडक्या अंड्यांसारखा वास. दुसऱ्या आठवड्यात वेगळा, गोडसर आणि उग्र, डोक्यात चढणारा. कुठल्या कारखान्यातून येत होता, ते मला आजही माहीत नाही. स्लायडिंगच्या फटीत ओला टॉवेल खोचून आम्ही झोपलो. सकाळी गॅलरीचं दार उघडलं तर समोर गड, त्याच्यावर कोवळं ऊन. रात्रीचं सगळं खोटं वाटावं इतकं सुंदर. मी कोणाला काही बोललो नाही.

आता जे लिहायचं आहे ते इतकी वर्षं टाळलं. २०१७ मध्ये माझा धाकटा भाऊ घर बघत होता. त्याला डोंबिवली बरी वाटत होती, ऑफिसला जवळ. डोंबिवलीच्या एमआयडीसीत आदल्या वर्षी मे महिन्यात मोठा स्फोट झाला होता, माणसं गेली होती. मी तोच मुद्दा काढला. ‘कारखान्यांच्या कुशीत राहण्यापेक्षा डोंगराच्या कुशीत ये,’ असं त्याला म्हणालो. तोवर एक आख्खा हिवाळा मी ओल्या टॉवेलाच्या आड काढला होता. भाऊ शेजारी असावा ही इच्छा होती, आणि आपण चुकलो नाही असं कोणीतरी पैसे भरून सांगावं, हीसुद्धा. त्याने आमच्याच बिल्डिंगमध्ये चौथ्या मजल्यावर घेतलं. माझी पुतणी तेव्हा तीन वर्षांची. दुसऱ्या हिवाळ्यात तिचा खोकला थांबेना आणि डॉक्टरांनी पंप दिला. मुळात तिची छाती नाजूकच असेल, वासामुळेच झालं असं डॉक्टर म्हणाले नाहीत. पण रात्री दोनला तिला मांडीवर घेऊन पंपाला लावलेली नळी तिच्या तोंडावर धरलेला माझा भाऊ मी पाहिला आहे. दर श्वासाला तिच्या फासळ्यांमधली कातडी आत ओढली जायची.

माझं मत बदललं ते मात्र गडावर. जानेवारी २०२० मध्ये सोसायटीतल्या पोरांबरोबर पहाटे मलंगगड चढलो. हिंदू-मुसलमान दोघंही श्रद्धेने चढतात त्या पायऱ्यांवर, अर्ध्या वाटेत, उजाडलं. मागे वळून आमची बिल्डिंग शोधू लागलो, तर खाली शहरच नव्हतं. करड्या रंगाचा एक थर होता, वरून सुरीने कापावा इतका सपाट, आणि त्यातून उंच टॉवरांची फक्त डोकी वर आलेली. एका चिमणीचा धूर सरळ वर आला आणि त्या पातळीला पोचताच आडवा झाला.

हिवाळ्यात रात्री जमीन लवकर निवते. तिच्यावरची हवा गार आणि जड होते, उतारावरून ओघळत सखल भागात साचते. वर उबदार हवेचं झाकण बसतं, वारा पडलेला असतो. मग रात्री जे सोडलं जातं ते ऊन चढेपर्यंत खालीच राहतं. मी चौरस फुटामागे पन्नास रुपये जास्त मोजले, ते या भांड्याच्या काठासाठी.

खाली उतरल्यावर काही दिवस ‘कारखाने हलवा’ एवढंच बोलत होतो. आमच्या मजल्यावरचे एक काका तीस वर्षं एमआयडीसीत ऑपरेटर होते. ते शांतपणे म्हणाले, ‘आमच्या कुंपणाबाहेर नुसतं गवत होतं हो. म्हशी चरायच्या. आता कुंपणाला लागून तुमचं पार्किंग आहे.’ त्यांचं खरं आहे. विमकोची काड्यापेटी, ऑर्डनन्स फॅक्टरी, हे गाव स्वातंत्र्याच्या आधीपासून कारखान्यांचं. रात्रीच्या अंधारात विषारी वायू सोडणं हा गुन्हाच आहे, त्यात मला तडजोड नको. पण मधली मोकळी जमीन घरांनी खाल्ली आणि त्यातलं एक घर माझं आहे. ती जमीन रिकामी राहायला हवी होती, असं आता मी सोसायटीच्या सभेतही सांगतो. लोकांना आवडत नाही. फ्लॅटचे भाव पडतील म्हणतात.

भाऊ २०२२ मध्ये बदली मागून नाशिकला गेला. इथला हप्ता चालू आहे. त्याने मला कधी एका शब्दाने विचारलं नाही. भावजयीने विचारलं, सामान टेम्पोत चढत असताना. ‘भावोजी, तुम्हाला आधी माहीत नव्हतं का?’ मी नाही म्हणालो.

सप्टेंबर २०२४ मध्ये एका रात्री शहरभर धुराचा थर पसरला, रेल्वे रुळांवरचे व्हिडिओ सगळीकडे फिरले. भावजयीचा फोन आला, आम्ही ठीक आहोत ना विचारायला. तेव्हाही मी खरं सांगितलं नाही. हे छापून आलं की पहिला अंक नाशिकला पाठवणार आहे.

गेल्या महिन्यात ऑफिसमधला एक जण बायकोला घेऊन आला, आमच्या समोरच्या टॉवरमध्ये फ्लॅट बघायला. मी त्यांना रात्री जेवायला ठेवून घेतलं, दोन वाजेपर्यंत गॅलरीत बसवलं. त्या रात्री वास आला नाही. चांदणं होतं, गड स्वच्छ दिसत होता, आणि दोघं त्याच्याकडे बघत गप्प बसले होते, आम्ही स्लॅबवर उभे राहिलो होतो तसे. मी आत गेलो, वास आलेल्या रात्रींच्या तारखा लिहितो ती वही आणली, आणि गेल्या हिवाळ्याची पानं उघडून त्यांच्यासमोर ठेवली.