पापणीएवढा र

मांडवाच्या दारात फलक होता: 'वर्हाडी मंडळींचे स्वागत'. माणसे हसत आत जात होती, मी मात्र त्या शब्दापाशी अडकलो. बिचाऱ्या ह च्या डोक्यावर रफार बसवला होता. छापला तसा म्हणून पाहा. 'वर्'पाशी जीभ आपटते. आपल्या तोंडातले वऱ्हाड असे अडखळत नाही. त्यातला र पापणी लवावी तसा ह ला स्पर्शून जातो. लिहितानाही त्याचा आकार पापणीसारखाच, अक्षराला डावीकडून टेकलेली बारीकशी कमान.

ही नुसती वळणाची हौस नाही. आचारी या शब्दाचे सामान्यरूप आचाऱ्या. 'आचाऱ्यास बोलवा' म्हटले तर स्वयंपाकी येईल, 'आचार्यास बोलवा' म्हटले तर गुरुजी. दऱ्या डोंगरात, दर्या कोकणात. दर्यामधला द आघाताने गुरू होतो, दऱ्यामधला लघूच राहतो. वृत्तात लिहिणाऱ्याला हा फरक मोजावाच लागतो. आणि वारा, शेतकरी, किनारा, दुसरा अशा शब्दांना विभक्तीचा प्रत्यय लागला, की हा र हजर. त्याच्यावाचून मराठीचे एक पानही धड भरत नाही.

संगणकाला कमान दिसत नाही, आकडे दिसतात. युनिकोडमध्ये य चा क्रमांक २३५१, र चा २३५२. र, हलन्ताचे चिन्ह (२३८१) आणि य असे ओळीने दिले की संगणक रफार काढतो. मग आपल्या कमानीचे काय? तिच्यासाठी शेजारचे घर उघडले आहे: २३५३, म्हणजे खाली टिंब असलेला ऱ. तमिळ-मल्याळममधला कठोर र देवनागरीत उतरवता यावा म्हणून ठेवलेले हे अक्षर. मराठीत ते पूर्ण रूपात आपण लिहीत नाही. पण त्याचा पाय मोडला, की टिंब नाहीसे होते आणि आपली कमान उमटते. दऱ्या आणि दर्या, दोन्ही पाच-पाच आकड्यांचे शब्द. फरक एकाच आकड्यात, तोही फक्त एकाने. दक्षिणेच्या अक्षराच्या घरात आपला र राहतो, याचे मला फार अप्रूप वाटते. मराठी दक्षिणेच्या भाषांच्या शेजारातच वाढली आहे.

एक अडचण मात्र खरी आहे. हीच कमान दुसऱ्या वाटेनेही काढता येते: साधा र, हलन्त आणि त्यामागे ८२०५ क्रमांकाचा, रुंदीच नसलेला, डोळ्यांना न दिसणारा जोडक. नेपाळी मजकुरात ही वाट नेहमीची. मराठीतही पुष्कळ ठिकाणी तीच वापरलेली असते. पडद्यावर दोन्ही शब्द जुळे दिसतात, पण आकडे वेगळे. म्हणून एका रीतीने शोधलेले 'शेतकऱ्यांना' दुसऱ्या रीतीने लिहिलेल्या लेखात सापडेलच असे नाही. मजकूर समोर असतो आणि संगणक 'नाही' म्हणतो.

तुमच्या घरी पत्रिका छापायची वेळ येईल तेव्हा छापणाऱ्याच्या शेजारी क्षणभर बसा. इन्स्क्रिप्ट कळफलकावर शिफ्ट धरून जे दाबला की ऱ येतो. मग डी दाबून त्याचा पाय मोडायचा आणि पुढे ह लिहायचा. वऱ्हाड नीट उमटते.