उन्हाचा हिशेब

"मॅडम, बुरख्यामुळंच झालं असणार," स्टाफरूममध्ये एक बाई सहज म्हणून गेल्या. माझ्या रिपोर्टात ड जीवनसत्त्व कमी, थायरॉइडच्या अँटिबॉडीज वाढलेल्या. राग आला, मग वाचायला बसले.

जपानी डॉक्टर हाशिमोटो यांनी १९१२ मध्ये या आजाराचं वर्णन केलं. यात शरीराची रोगप्रतिकारशक्तीच थायरॉइडवर उलटते. टाइप वन मधुमेहात ती इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींवर उलटते. म्हणून दोन्ही आजार कधी एकाच माणसात भेटतात. अशा रुग्णांत ड बरेचदा कमी आढळतं. पण सोबत असणं म्हणजे कारण असणं नव्हे. मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्यांना अमेरिकेत रोज ४००० युनिट ड दिलं, तरी मधुमेह ठोसपणे टळला नाही (२०१९). २०२२ च्या दुसऱ्या चाचणीत मात्र रोज २००० युनिट घेणाऱ्यांत स्वयंप्रतिकार आजार २२ टक्के कमी दिसले.

आमच्या जिरायती सुप्यात उन्हाला काय तोटा? आता अम्मी आणि मी दुपारी थोडा वेळ गच्चीवर बाह्या सारून बसतो. थायरॉइडची गोळी मात्र सुटत नाही. रमजानात डॉक्टरांना विचारून सहरीच्या आधी घेते.

परवा त्या बाईंचाही रिपोर्ट आला. ड कमी. त्या बुरखा घालत नाहीत. मी काही बोलले नाही. गच्चीवर यायचं आमंत्रण दिलं.