व्हेनिसची दैनंदिनी : दारांमागचं खाजण

सोमवार

आज भरतीचा अंदाज ९५ सेंटिमीटरचा होता. सकाळीच सॅन मार्कोच्या चौकात गटारांच्या जाळ्यांमधून पाणी वर येऊ लागलं. काठ ओलांडून नाही, थेट पायाखालून. पालिकेची माणसं फळ्यांचे उंच रस्ते मांडून मोकळी झाली होती आणि शाळेची मुलं गमबूट घालून नेहमीसारखी निघाली होती. बॅसिलिका तेवढी कोरडी राहिली, कारण २०२२ साली तिच्याभोवती काचेची भिंत उभारली आहे.

हे सेंटिमीटर १८९७ साली ठरवलेल्या शून्यापासून मोजतात. समुद्राची सरासरी पातळीच आता त्या शून्याच्या ३० सेंटिमीटरहून वर आहे. थोडं पाणी चढलं, थोडी जमीन खचली. खचण्याला काही अंशी माणूसच जबाबदार: समोरच्या मार्गेरातल्या कारखान्यांनी कित्येक वर्षं भूजल बेसुमार उपसलं. १९७० च्या दशकात उपसा थांबला, तोवर नुकसान होऊन गेलं होतं.

मंगळवार

दिवसभर पायऱ्या आणि भिंतींचे पाय बघत हिंडले. जुन्या गवंड्यांनी भिंतीच्या तळाशी इस्त्रियाचा दगड बसवला, कारण तो पाणी फारसं शोषत नाही. वीट त्याच्या वर. आता पाणी दगड ओलांडून विटेपर्यंत पोचतं. वीट खारं पाणी ओढते, वाळताना आतलं मीठ फुगतं आणि पापुद्रे सुटतात. एका गल्लीत भिंतीला नुसतं बोट लावलं, तर लाल भुगा तळहातावर आला.

पाणी किती चढलं याचा एक पुरावा चित्रांत आहे. अठराव्या शतकात कानालेत्तोने कॅमेरा ऑब्स्क्युराच्या मदतीने इथले वाडे इतके काटेकोर रंगवले की भिंतीवरची शेवाळाची रेघही सुटली नाही. दारियो कामुफ्फो या संशोधकाने ती रेघ आजच्या रेघेशी ताडून पाहिली. फरक ६० सेंटिमीटरच्या वर निघाला.

बुधवार

पाऊस. सगळा वेळ वर्गात, विषय मोझे, म्हणजे भरती अडवणारी दारं. लिडो, मालामोक्को आणि कियोज्जा या खाजणाच्या तीन मुखांशी समुद्रतळावर ७८ पोलादी दारं आडवी ठेवली आहेत. त्यांच्यात हवा भरली की आतलं पाणी बाहेर पडतं आणि दार उभं राहतं. नोव्हेंबर २०१९ मध्ये पाणी १८७ सेंटिमीटरपर्यंत चढलं तेव्हा हे काम अपुरं होतं. ३ ऑक्टोबर २०२० ला खऱ्या भरतीपुढे दारं प्रथमच उभी राहिली आणि शहर कोरडं राहिलं. साधारण ११० चा अंदाज असला की ती उचलतात. म्हणून सोमवारी चौक भिजला.

गुरुवार

बोटीने खाजणात. बारेने, म्हणजे भरतीला जेमतेम डोकं वर ठेवणारी खारट दलदलीची बेटं, जवळून पाहिली. मांसल पानांची खुरटी झुडपं, मधून नागमोडी चर. कडेची माती मात्र ढासळलेली, मुळं उघडी. ही बेटं लाटांचा जोर मोडतात आणि भरतीने आणलेल्या गाळावर वाढतात. सर्वांत जास्त गाळ आणतात त्या वादळी भरत्या, आणि दारं अडवतात त्याही नेमक्या त्याच. त्यात १९६० च्या दशकात तेलवाहू जहाजांसाठी खोदलेल्या खोल कालव्याने धूप वाढवली ती वेगळीच.

व्हेनिसच्या जुन्या प्रजासत्ताकाची चिंता अगदी उलटी होती. गाळाने खाजण बुजू नये म्हणून त्यांनी ब्रेंता, पियावे या नद्यांची तोंडं वळवली. पाण्याचा कारभार बघायला १५०१ साली स्वतंत्र खातं नेमलं. आज तोच गाळ कमी पडतो आहे.

दारं हवीतच, २०१९ नंतर त्यावर वाद घालणं क्रूरपणाचं ठरेल. पण समुद्र चढेल तशी ती अधिकाधिक वेळा मिटतील, आणि खाजण मेलं तर शहर वाचवलं असं मी म्हणणार नाही.

व्हेनिसला जाणार असाल तर एक दिवस सॅन मार्को सोडून फोंदामेंते नोवेहून बुरानो-तोर्चेल्लोकडची बोट धरा. ओहोटीची वेळ बघून जा; बारेने तेव्हाच नीट दिसतात.